लाभ, दोन, तीन

म्हापशाच्या बाजारात भात मोजताना
माझे वडील ‘एक’ म्हणत नसत.
पहिला कुडव पोत्यात रिता झाला की म्हणत, लाभ.
मग दोन. मग तीन.
मला वाटायचं आकडा असाच असतो.
शाळेत पाटीवर ‘लाभ’ लिहिला
आणि छडी खाल्ली.

हे डॉक्टर पैंगीणकरांना सांगितलं
तर त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला,
म्हणाले, पाच वर्षं लिस्बनात, तीन दिल्लीत,
हाच आकडा शोधत होतो रे मी.
मला हसू आलं. मी सतरा वर्षांचा,
शुक्रवारी तीन रुपये रोजावर त्यांचा मोजणीदार.

दिल्ली सुटली ती एका रकान्यामुळे.
खनिजाच्या अहवालात, टनांच्या तक्त्याखाली
त्यांनी लिहिलं होतं: मांडवी,
आणि पुढे कोरी जागा.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हणाले, बार्जी तिच्यावरून जातात.
भाडं कुणी दिलं ते कळलं की भरतो.
आधी रकाना खोडला गेला,
मग खुर्ची.

मग मासळीबाजारात, पिएदादच्या फळीला लागून
एक स्टूल, एक वही, दोन शाया.
बांगड्यांचा भाव हा त्यांचा विषय नव्हता.
भाव ठरून, घासाघीस होऊन, पैसे कनवटीला गेल्यावर
पिएदाद ‘हें वयर’ म्हणत
जे दोन बांगडे पिशवीत टाकायची,
त्या दोन बांगड्यांवर बावीस वर्षं.

दिवस गेलेल्या पोरीला तीन.
भांडून वेगळ्या झालेल्या जावेला दोन, आणि एक शिवी.
(शिवीचा रकाना वेगळा होता.)
नव्या फौजदाराला चार, पण ते लाल शाईत,
कारण त्याने मागून घेतले.
श्रावणाआधी समुद्र बंद झाला, भाव चढला,
आणि वयर तेवढंच राहिलं, कधी वाढलंसुद्धा.
मी म्हटलं, डॉक्टर, हा नियम झाला.
म्हणाले, हळू बोल. नियम म्हटलं
की कुणीतरी त्यावर कर बसवील.

विलायतेच्या एका नियतकालिकाने निबंध परत केला.
‘नमुना फार लहान आहे.’
त्यांनी पत्र पिएदादला वाचून दाखवलं.
ती फळीवरच्या मासळीकडे बघून म्हणाली,
ल्हान? फाल्यां व्हड हाडटां.
त्या दिवशी ते इतके हसले
की चार वाट्यांची नोंद राहून गेली.

ललिताबाई शाळेत शिकवायच्या, घर त्यावर चालायचं.
मला चहा देताना एकदा म्हणाल्या,
आमच्या घरी वर काय पडतं
ते मोजायला सांग की तुझ्या डॉक्टरांना.
मी निरोप दिला नाही.
वही उघडी होती, त्यांनी ऐकलं असावं.
त्या पानावर शाईचा एक ठिपका आहे, फक्त ठिपका.

आता वह्या माझ्याकडे आहेत. एकतीस.
बँकेतून निवृत्त झालो, तेव्हा वेळ आहे.
बेरजा पडताळून पाहिल्या, एक चूक नाही.
पण शोधत होतो ते सापडलं नाही.
बावीस वर्षांचे शुक्रवार ते ज्या स्टुलावर बसले
ते पिएदादचं होतं.
अकराला त्यांना बिनदुधाचा चहा यायचा, तोही तिचाच.
ऊन सरकलं की ती सूप आडवं धरायची
त्यांच्या डोक्याशी, बोलता बोलता.
याची नोंद कुठेच नाही,
काळ्या शाईत नाही, लालमध्ये नाही.

स्टूल अजून आहे.
पिएदादची सून त्यावर बर्फाचं खोकं ठेवते.
गेल्या शुक्रवारी तारल्यांचा वाटा घेतला.
तिने नोटा मोजल्या: एक, दोन, तीन.
मग हात फळीवर तसाच राहिला,
आणि ती माझ्या पिशवीकडे पाहू लागली.
मी पिशवीचं तोंड
थोडं जास्त उघडलं.